सेहेचाळीस घरे आणि एकोणीस घरांचे गाव

हे प्रकरण २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधले आहे आणि ते मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या एका उपनगरात घडले. आमच्या शेजारी राहणाऱ्या, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि वयाची ऐंशी ओलांडलेल्या एक बाई त्या उन्हाळ्यात स्वतःचे घर विकून ज्येष्ठ नागरिकांच्या निवासात दोन खोल्या घेऊन राहायला गेल्या. माझी मुले त्यांना पहिल्यापासून आजी म्हणतात, म्हणून इथेही मी त्यांना आजीच म्हणते. घर रिकामे करताना आजींनी पलंग, कपाटे, पुस्तके यांची वाटणी फारशी न अडखळता केली. अडले ते एकाच ठिकाणी. तळघरातल्या फळ्यांवर सेहेचाळीस खोकी होती आणि त्यांत नाताळात मांडायची, आतून दिवा लागणारी, चिनी मातीची सेहेचाळीस घरे होती. नव्या जागेत ती मावणार नव्हती, दूरच्या राज्यांत राहणाऱ्या मुलांना ती नको होती, आणि आजींना ती विकायची नव्हती. ऑगस्टमध्ये ती सगळी खोकी आमच्या गॅरेजमध्ये आली.

ऑक्टोबरच्या अखेरीस निवासाच्या व्यवस्थापिकेने आजींना सुचवले की त्यांनी आपले गाव यंदा सर्वांच्या बैठकीच्या दालनात मांडावे. आजींना जड वस्तू उचलता येत नव्हत्या आणि वाकता येत नव्हते, त्यामुळे मांडणीचे काम माझ्याकडे आले. मी व्यवसायाने विद्युत अभियंता आहे, म्हणून वायरिंगचा प्रश्न मला अवघड वाटला नाही, पण मांडणीच्या कलेत मी पूर्ण नवखी होते. ते काम पहिल्यांदा कसे फसले आणि दुसऱ्यांदा कशामुळे जमले, याची ही नोंद आहे. आपल्याकडच्या वस्तू, मग त्या गौरीपुढच्या आराशीच्या असोत किंवा आजोबांच्या दिव्यांचा संग्रह असो, दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवण्याची किंवा दुसऱ्याच्या वस्तू मांडण्याची वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांना ती उपयोगी पडावी असे मला मनापासून वाटते.

संग्रहात काय होते

सेहेचाळीसपैकी एकोणतीस घरे ‘स्नो व्हिलेज’ या मालिकेतली होती, बारा ‘डिकन्स व्हिलेज’ मालिकेतली आणि उरलेली पाच अलीकडच्या वर्षांत स्वस्त दुकानांतून घेतलेली होती. पहिल्या दोन्ही मालिका ‘डिपार्टमेंट ५६’ या कंपनीच्या. या कंपनीचे मुख्यालय आमच्यापासून फार दूर नसलेल्या ईडन प्रेरी या गावात होते, आणि तिचे नाव मिनिआपोलिसच्या बाखमन्स या जुन्या फूलविक्री व्यवसायाच्या हिशेबातून आलेले आहे. तिथे प्रत्येक विभागाला क्रमांक असे आणि घाऊक भेटवस्तूंच्या विभागाचा क्रमांक ५६ होता. १९७६ मध्ये या कंपनीने सहा इमारती बाजारात आणल्या, त्यांत दोन चर्च होती. त्या इमारतींच्या छपरांवर बर्फाचा जाड थर होता, त्यांच्यावर चकचकीत झिलई होती आणि पाठीमागच्या भोकातून आत एक छोटा बल्ब सोडता येत होता. १९८४ मध्ये व्हिक्टोरियन काळातल्या लंडनच्या धर्तीवर ‘डिकन्स व्हिलेज’ आले, १९८६ मध्ये न्यू इंग्लंडचे आणि आल्प्स पर्वतातले गाव आले, १९८७ मध्ये शहर आले. डिकन्सची घरे झिलई नसलेल्या, मॅट पोर्सेलीनची आहेत आणि उंच व अरुंद आहेत. ही दोन प्रकारची घरे शेजारी ठेवली की एक ओले आणि दुसरे कोरडे असल्यासारखी दिसतात. हा फरक पुढे मला बराच महागात पडला.

दिव्यांच्या गावाची ही हौस मात्र कंपनीच्या कितीतरी आधीची आहे. पेनसिल्व्हेनियात मोरेवियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७४१ मध्ये बेथलेहेम हे गाव वसवले आणि त्यांच्याबरोबर नाताळात येशूजन्माचा देखावा मांडण्याची रीत आली. त्या देखाव्याला ते ‘पुट्झ’ म्हणत, म्हणजे सजावट. पुढे नाताळच्या झाडाखाली देखाव्याबरोबर घरे, कुंपणे आणि खेळण्यातली आगगाडी आली. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून जपानमध्ये तयार झालेली पुठ्ठ्याची छोटी घरे अमेरिकेतल्या पाच-दहा सेंटच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. त्यांच्या खिडक्यांना रंगीत पारदर्शक कागद असे, छपरावर अभ्रकाची चमक असे आणि पाठीमागे बल्बसाठी भोक असे. आजींच्या आईकडे अशी चार पुठ्ठ्याची घरे होती आणि १९४० च्या दशकातल्या एका पुरात ती भिजून गेली, असे आजींनी सांगितले. चिनी मातीची पहिली वास्तू त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी १९७९ मध्ये घेतली. ते एक छोटे चर्च होते.

मिनेसोटात ही हौस का रुजली असावी, हे इथे एक हिवाळा काढल्यावर कळते. डिसेंबरच्या मध्यावर मिनिआपोलिसमध्ये सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. शाळेतून आलेले मूल दप्तर खाली ठेवून दूध पिते तोवर बाहेर अंधार झालेला असतो. अशा वेळी खिडकीतल्या फळीवर वीस घरांच्या खिडक्या पिवळ्या उजेडाने भरलेल्या असतील, तर घरात कोणीतरी आपली वाट पाहत होते असे वाटते. हे मी माझ्या मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे.

दालनाच्या अटी

दालनातल्या एका भिंतीलगतची साडेपाच मीटर लांबीची जागा आम्हाला मिळाली. तिथे १८३ सेंटिमीटर लांब आणि ७६ सेंटिमीटर रुंद अशी तीन घडीची टेबले एका ओळीत बसत होती. व्यवस्थापिकेच्या अटी लेखी होत्या आणि रास्त होत्या. एका विस्तारपट्टीत दुसरी पट्टी खोवायची नाही. प्रत्येक वायरीवर आणि पट्टीवर यूएल या तपासणी संस्थेचे सुरक्षाचिन्ह हवे. जमिनीवरून वायर जाता कामा नये. टेबलांपुढे वॉकर आणि चाकांची खुर्ची सहज वळेल एवढी मोकळी जागा हवी. प्लास्टिकचा सुटा भुसभुशीत बर्फ चालणार नाही, कारण तो फरशीवर सांडला की पाय घसरतो. रात्री नऊनंतर दिवे आपोआप बंद झाले पाहिजेत.

वायरिंगचा हिशेब मी आधीच केला. जुना बल्ब साधारण सहा ते सात वॅटचा असतो, त्यामुळे सेहेचाळीस घरांचे मिळून सुमारे तीनशे वॅट होतात. इथल्या १२० व्होल्ट, पंधरा अँपिअरच्या एका सर्किटवर दीर्घकाळ चौदाशे चाळीस वॅटपर्यंत भार चालतो. म्हणजे एकूण विजेची अडचण नव्हतीच. अडचण प्लगांच्या संख्येची होती. प्रत्येक घराला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र प्लग म्हणजे सेहेचाळीस प्लग झाले, आणि नव्या पाच घरांना साडेचार व्होल्टचे अडॅप्टर होते, जे पट्टीवर दोन-दोन जागा अडवतात. आजी स्वतःच्या घरी वर्षानुवर्षे पट्टीत पट्टी आणि तिच्यात तीन तोंडांचा प्लग अशीच जोडणी करत होत्या. त्यातून काही अपघात झाला नाही हे खरे, पण बर्फ म्हणून पसरलेली, घरांच्या भोकांच्या कडेला चिकटून बसलेली कापसासारखी चादर काही ठिकाणी पिवळी पडली होती. बंद चिनी मातीच्या पोटात तापलेला बल्ब पाच-पाच तास राहतो आणि पाठीमागे पॉलिएस्टरचा थर असतो, याचा त्या पिवळेपणाशी संबंध असावा असे मला वाटते.

पहिला प्रयत्न

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला आभार मानण्याचा सण त्या वर्षी २३ नोव्हेंबरला होता. २५ तारखेच्या शनिवारी सकाळी मी, माझे पती आणि दोन्ही मुले सेहेचाळीस खोकी घेऊन दालनात गेलो. जाताना मी आजींच्या कपाटातले जुने दरपत्रक बरोबर घेतले होते. १९९० च्या दशकात या घरांचा दुय्यम बाजार फार तेजीत होता. कंपनी एखादे घर बनवायचे थांबवी, त्याला ‘निवृत्त’ केले असे म्हणे, आणि मग त्याची किंमत चढे. १९८५ मधली ‘डिकन्स व्हिलेज मिल’ ही गिरणी फक्त २,५०० नगांत निघाली होती आणि तिच्यासाठी लोकांनी पुढे हजारो डॉलर मोजले. आजींकडे ती नव्हती, पण दरपत्रकात मोठा आकडा असलेली सहा-सात घरे होती. मी सगळी घरे मालिकेनुसार वेगळी केली, प्रत्येक मालिकेत महागडी घरे पुढच्या रांगेत ठेवली आणि तीन सरळ रांगांत सेहेचाळीस घरे बसवली. दुपारी तीनला काम संपले आणि दिवे लागले.

आजी आल्या, पाहिले, आणि त्यांनी आमचे मनापासून आभार मानले. पण त्या खुर्ची ओढून तिथे बसल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आले. संध्याकाळी जेवणाच्या आधी दालनातून साठेक लोक गेले असतील. ते थांबत, ‘छान’ म्हणत आणि पुढे जात. चाकांच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ बराच वेळ मान वर करून पाहत राहिले आणि शेवटी त्यांनी परिचारिकेला विचारले की मागच्या रांगेत काय आहे.

त्या प्रश्नामुळे मी घरी जाऊन पुन्हा आकडेमोड केली. टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून ७४ सेंटिमीटरवर होता. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण ११० ते १३० सेंटिमीटरवर असतात. टेबलावरचे कापड जमिनीपर्यंत सोडलेले असल्याने खुर्ची टेबलाखाली जात नव्हती आणि माणूस कडेपासून हातभर लांबच राहत होता. तिथून पाहिले तर दुसऱ्या रांगेतली वीस सेंटिमीटर उंचीची छपरे मागच्या घरांची दारे आणि खालच्या खिडक्या पूर्ण झाकत होती. म्हणजे ज्यांच्यासाठी हे गाव मांडले त्यांतल्या निम्म्या लोकांना फक्त छपरांच्या ओळी दिसत होत्या. मी उभी राहून मांडणी केली होती आणि उभ्या माणसाच्या नजरेनेच तपासली होती. ही चूक साधी आहे, पण अशा जागेत ती अक्षम्य म्हणावी लागेल.

दुसरा दोष त्याहून मोठा होता आणि तो मला स्वतःला दिसला नाही. तो माझ्या सासूबाईंना दिसला.

सासूबाईंनी काय पाहिले

सासूबाई साताऱ्याच्या. दिवाळीसाठी त्या ऑक्टोबरमध्येच आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांनी नातवाला हाताशी धरून गॅरेजमध्ये किल्ला केला होता. अंगणातली माती मिळाली नाही म्हणून कुंडीच्या मातीची पोती आणली, खोक्यांवर आणि विटांवर गोणपाट पसरून त्यावर मातीचा लगदा थापला, अळीव पेरले. पुण्याच्या कुंभारवाड्यातून आणलेली चित्रे, म्हणजे मावळे, महाराज, गवळण, तोफ, वाघ, त्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून घेऊन आल्या होत्या. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला झाले आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत अळीव चांगले दोन बोटे उंच होऊन कलू लागले होते, तरी नातवाने किल्ला मोडू दिला नव्हता.

रविवारी मी त्यांना दालनात घेऊन गेले. त्यांनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शांतपणे पाहिले.

“अगं, हे भांड्यांच्या दुकानासारखं झालंय,” त्या म्हणाल्या. “गावात माणूस चालायला वाट नको का?”

“आई, पण घरं सेहेचाळीस आहेत. सगळी ठेवायची तर वाट कुठून काढू?”

“मग सगळी कशाला ठेवतेस? आपल्या किल्ल्यावर चाळीस मावळे होते. तू बघितलंस ना, वीस डब्यातच ठेवले. तटावर प्रत्येक हातावर मावळा ठेवला तर तट दिसत नाही.”

मग त्यांनी एक गोष्ट दाखवली, जी मला आजही फार मोलाची वाटते. या गावांतल्या माणसांच्या मूर्ती आणि घरे एका मापात नसतात. काही मूर्ती तर घराच्या दारापेक्षा उंच आहेत. मी त्या दारांशीच उभ्या केल्या होत्या, त्यामुळे माणसे राक्षसासारखी दिसत होती. किल्ल्यावरही महाराजांची मूर्ती बुरुजाहून मोठी असते आणि मावळा कधीकधी तोफेपेक्षा लहान असतो, पण ते खटकत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की मोठे ते पुढे आणि खाली ठेवावे, लहान ते मागे आणि उंचावर ठेवावे, आणि दोन्हींच्या मध्ये रिकामी जागा सोडावी, म्हणजे लहान वस्तू लहान न वाटता लांब वाटते. किल्ला करणारी पोरे हे कोणी न शिकवता करतात. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. मी मात्र मापांची बेरीज करत बसले होते.

एकोणीस घरे कोणती

घरे कमी करायची हे ठरले, पण निवडायची कशी हा प्रश्न होता, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. माझी पहिली यादी पुन्हा दरपत्रकावरूनच झाली. ती घेऊन मी मंगळवारी आजींकडे गेले. आजींनी यादी वाचली आणि बाजूला ठेवली. मग त्यांनी मला एक घर उलटे करायला सांगितले. तळाशी कंपनीचा शिक्का होता, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, एक वर्ष आणि दोन-तीन शब्द लिहिलेले होते. त्यांच्या यजमानांनी प्रत्येक घर आणले त्या दिवशी ते लिहिले होते. १९८३, मुलगी चालायला लागली. १९८८, नवी नोकरी. १९९१, हॅलोविनचा बर्फ. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरपासून मिनेसोटात जे हिमवादळ झाले त्याने मिनिआपोलिस-सेंट पॉलमध्ये सुमारे ७२ सेंटिमीटर बर्फ टाकला होता आणि इथले लोक अजून त्याची आठवण काढतात. सेहेचाळीसपैकी एकतीस घरांवर अशी नोंद होती. २००९ नंतरच्या घरांवर काही नव्हते, कारण लिहिणारे गेले होते.

आजींच्या घरी हे गाव कसे मांडले जाई, हे मी तेव्हा प्रथमच विचारले. ऑगस्टपासून खोकी माझ्या गॅरेजमध्ये होती आणि मी हा साधा प्रश्न विचारला नव्हता. १९७९ चे चर्च नेहमी डाव्या टोकाला असे आणि तिथून रस्ता सुरू होई. वर्षे त्या रस्त्याने पुढे जात. मालिका वेगळ्या ठेवण्याची रीत त्यांच्याकडे नव्हतीच. झिलईचे घर आणि मॅट घर शेजारी येत, आणि त्यांच्या मध्ये त्या एखादे झाड ठेवत.

आम्ही तीन तास बसलो. मी घर हातात धरून दाखवी आणि तळाची ओळ वाचून दाखवी. आजी सांगत की हे रस्त्यावर असावे की खोक्यात राहिले तरी चालेल. ज्या सात महागड्या घरांवर मी भर दिला होता त्यांतली दोनच राहिली. एक घर आजींनी स्वतःहून बाजूला काढले, त्याच्या तळाशी एका आजारपणाचे वर्ष होते. धुराडे तुटलेले एक छोटे दुकान त्यांनी आग्रहाने घेतले. शेवटी ‘स्नो व्हिलेज’ची तेरा, ‘डिकन्स’ची पाच आणि स्वस्त दुकानातले एक आइस्क्रीमचे दुकान, अशी एकोणीस घरे ठरली. आइस्क्रीमचे दुकान माझ्या मुलीने सहा वर्षांची असताना आजींना भेट दिले होते. त्यावर काहीच लिहिलेले नव्हते, पण आजींना वर्ष पाठ होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. किमतीचा विचार चुकीचा आहे असे नाही. विमा काढायचा असेल, वारसांत वाटणी करायची असेल किंवा विकायचे असेल, तर दर पाहावाच लागतो, आणि आजचे दर जुन्या दरपत्रकाशी जुळत नाहीत हेही माहीत असावे लागते. संग्राहकांची ती पिढी आता घरे लहान करते आहे, माल ऑनलाइन भरपूर येतो, आणि नेहमीची बरीच घरे मूळ किमतीपेक्षाही कमीत मिळतात. पण मांडणीत काय ठेवायचे हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर दरपत्रकात नसते.

दुसरा प्रयत्न

२ डिसेंबरच्या शनिवारी आम्ही टेबले रिकामी केली. या वेळी पाया आधी बांधला. घराच्या भिंतींत उष्णतारोधक म्हणून घालतात तो पाच सेंटिमीटर जाडीचा कडक फोम आणला आणि करवतीसारख्या दातांच्या सुरीने कापून चार पायऱ्या केल्या. पुढची टेबलाच्या पातळीवर, मग दहा, बावीस आणि पस्तीस सेंटिमीटर. पायऱ्या सरळ न कापता सासूबाईंनी डोंगराच्या सोंडेसारख्या वळवल्या, म्हणून एखादे घर सोंडेच्या टोकावर आले आणि एखादे तिच्या कुशीत. प्रत्येक घराच्या जागेमागे फोमला भोक पाडून वायर खाली सोडली. त्यामुळे वरून एकही वायर दिसत नव्हती आणि कापडी बर्फ भोकाजवळ न्यावाच लागला नाही.

एकाच वायरीवर ठरावीक अंतराने बल्ब असलेल्या माळा या घरांसाठी मिळतात. अशा दोन माळांवर अठरा घरे लागली आणि आइस्क्रीमच्या दुकानाचा अडॅप्टर वेगळा, म्हणजे सेहेचाळीस प्लगांच्या जागी तीनच प्लग झाले. बल्ब सगळे एलईडी घेतले. ते जुन्या खोबणीतच बसतात, एका वॅटच्या आतबाहेर वीज घेतात आणि जवळजवळ तापत नाहीत. रंग निवडताना मात्र काळजी घ्यावी लागते. पांढऱ्याशुभ्र एलईडीने ही घरे दवाखान्यासारखी दिसतात. खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेले, पिवळसर उजेडाचे बल्ब आम्ही वापरले. तरी जुन्या डिकन्सच्या घरांत तो उजेड थोडा तीव्र वाटला, म्हणून माझ्या पतींनी आतल्या बाजूला पार्चमेंट कागदाचे छोटे नळकांडे करून बसवले. साधा टाइमर चारला दिवे लावी आणि नऊला बंद करी.

डाव्या टोकाला १९७९ चे चर्च बसले. तिथून निघालेला रस्ता पुढच्या पायरीवरून वळत वर जाई. रस्त्यावर करड्या फेल्टची पट्टी घातली आणि दोन्ही कडांना पॉलिएस्टरची पांढरी चादर फाडून, तिच्या कडा मोकळ्या करून पसरली, कारण कात्रीने कापलेली कड कागदासारखी दिसते आणि फाडलेली कड बर्फासारखी. मूर्ती फक्त अकरा ठेवल्या आणि त्या सगळ्या पुढच्या पायरीवर, दारांपासून लांब. घसरू नयेत म्हणून घरांच्या तळाला काढता येण्याजोगी मऊ पुटी लावली, पण पेन्सिलीच्या अक्षरांवर ती येणार नाही हे प्रत्येक वेळी पाहिले. टेबलांवरचे कापड दोन ठिकाणी वर बांधून गुडघ्यांना जागा केली, म्हणजे चाकांची खुर्ची थेट कडेपर्यंत येऊ शकेल. शेवटी मी स्वतः खुर्चीत बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. एकोणीसच्या एकोणीस दारे दिसत होती.

संध्याकाळी आजी आल्या तेव्हा त्या चर्चपाशी थांबल्या आणि रस्त्याने हळूहळू उजवीकडे गेल्या. प्रत्येक घरापाशी त्या काहीतरी सांगत होत्या आणि त्यांच्यामागे सहा-सात लोक जमले. मागच्या आठवड्यात मान वर करून पाहणारे गृहस्थ तुटक्या धुराड्याच्या दुकानापाशी बराच वेळ होते. त्यांच्या वडिलांचे तसे किराणा दुकान होते, असे त्यांनी मला सांगितले.

डिसेंबर

त्या डिसेंबरात मिनिआपोलिसमध्ये बर्फ जवळजवळ नव्हताच. नोंदींतला तो सर्वांत उबदार डिसेंबर ठरला आणि नाताळच्या दिवशी चक्क पाऊस पडला. गवत तपकिरी होते, रस्ते ओले होते. दालनातल्या त्या कापडी बर्फापाशी लोक नेहमीपेक्षा जास्त वेळ बसत. व्यवस्थापिकेने दोन खुर्च्या कायमच्या तिथे ठेवल्या. मुलांना घेऊन भेटीला येणारी कुटुंबे आधी तिथे जात, कारण मुलांना काहीतरी पाहायला आणि आजीआजोबांना काहीतरी सांगायला मिळे. पहिल्या मांडणीच्या वेळी असे काही झाले नव्हते, आणि घरे तर तेव्हा दुपटीहून जास्त होती.

काही गोष्टी तरीही नीट जमल्या नाहीत. सर्वांत वरच्या पायरीवरचे घर उभ्या माणसाच्या नजरेला फार जवळ येई आणि त्याची मागची उघडी बाजू तिरकस दिसे. तिथे एक उंच झाड हवे होते. फोमच्या कडा दोन ठिकाणी चादरीतून गुलाबी दिसत राहिल्या. दोन ‘स्नो व्हिलेज’ घरांच्या झिलईत बारीक जाळीसारख्या भेगा आढळल्या. ती घरे पूर्वी काही वर्षे आजींच्या पोटमाळ्यावर होती, जिथे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात गोठवणारी थंडी असे, आणि अशा चढउतारात माती व झिलई वेगवेगळ्या वेगाने आकुंचन पावून झिलई तडकते. ज्यांच्याकडे अशी घरे आहेत त्यांनी ती राहत्या खोलीच्या तापमानात, मूळच्या थर्माकोलमध्ये आणि खोक्यात ठेवावीत. धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी, मॅट घरांना पाणी लावू नये.

६ जानेवारीला आम्ही गाव आवरले. रस्त्यावरच्या क्रमानेच घरे खोक्यांत गेली आणि खोक्यांवर एक ते एकोणीस आकडे घातले, फोमच्या पायऱ्यांवरही तेच आकडे लिहिले. उरलेल्या सत्तावीसपैकी सहा आजींच्या भाचीने मागून घेतली, नऊ एका चर्चच्या विक्रीला दिली, आठ आमच्या घरी राहिली आणि चार दुरुस्तीसाठी वेगळी ठेवली. देण्यापूर्वी प्रत्येक घराच्या तळाचे छायाचित्र काढून आजींना छापून दिले.

आवरताना माझ्या मुलीने आइस्क्रीमचे दुकान उलटे केले आणि तळ कोरा असल्याचे आजींना दाखवले. आजींनी पर्समधून पेन्सिल काढली आणि वर्ष सांगितले. मुलीने ते लिहिले आणि पुढे काय लिहू असे विचारले. आजी थोडा वेळ विचार करत राहिल्या, मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिले आणि त्यांच्या नावाचे स्पेलिंग विचारले.